वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातला फ्रीज उघडून बघितलाय का कधी?

खिडकीवाली
माझी आत्या (वय ८४) गेली तीन वर्षं पश्चिम उपनगरातल्या एका वृद्धाश्रमात आहे. नाव देत नाही, कृपया विचारूही नका. माणसं मनापासून करतात. चाळीसेक आजी-आजोबा, स्वयंपाकाच्या एक मावशी, हाताखाली दोन मुली, एक मोठा फ्रीज आणि कुणीतरी दान दिलेला एक छोटा.

पाच दिवसांच्या गणपतींचं विसर्जन होतं त्या दिवशी मी तिथे होते. दुपारी तीनच्या सुमाराला एका सोसायटीतून दोन मोठी पातेली भरून मसालेभात आला, महाप्रसादातला उरलेला. आश्रमाची जेवणं साडेबारालाच झाली होती. मग तो भात झाकून ओट्यावर ठेवला आणि रात्री वाढला. त्यातूनही उरला तो पातेल्यासकट फ्रीजमध्ये. पातेलं मावेना म्हणून दुधाच्या पिशव्या बाहेर काढल्या! दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्याचाच परतून भात. दुपारी आत्याचा फोन, तिघांना उलट्या झाल्या म्हणून. संध्याकाळपर्यंत बरे झाले. "पित्त झालं असेल," असं ठरलं.

भातानेच झालं असं मी म्हणत नाही, मला सिद्ध करता येणार नाही. पण त्या दिवशी मी फ्रीज उघडून बघितला होता. झाकणं नसलेली पातेली, कधीचे ते कळणार नाही असे सहा-सात डबे, पेढ्यांचे चार बॉक्स, चिरलेल्या कांद्याची वाटी, खालच्या कप्प्यात मासे आणि त्याला टेकून कोथिंबिरीची जुडी. दारात दोन आजोबांचं इन्सुलिन, शेजारी पुदिन्याची चटणी.

व्यवस्थापक काकांशी बोलायला गेले तर म्हणाले, "ताई, तुम्ही महिन्यातून एकदा येता." खरंच आहे ते. आता काय विचारू, काय बघू आणि किती बोलू? मी बोलून घरी येते, राहायचं आत्याला आहे.

कोपऱ्यातला
वाचतोय. आईसाठी जागा शोधणं चालू आहे. खोली, संडास, लिफ्ट सगळं बघितलं, स्वयंपाकघर बघायचं डोक्यातच आलं नव्हतं.

तिरकस
आमच्या घरचा फ्रीज उघडला तर पुरातत्त्व खात्याची माणसं बोलवावी लागतील. मागच्या कप्प्यात सासूबाईंनी २०१९ च्या उन्हाळ्यात ठेवलेली कैरी आहे, तिला हात लावायची कुणाची हिंमत नाही. हलके घ्या.

पिठलंभाकरी
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आपण सगळे शिळं खाऊनच मोठे झालो. रात्रीच्या पोळ्यांचा कुस्करा, शिळ्या भाताला फोडणी, आदल्या दिवशीची मुरलेली आमटी. चाळीत फ्रीज कुणाकडे होता? आजी ९१ वर्षं जगली. हल्ली तारीख बघितल्याशिवाय पाव घशाखाली उतरत नाही लोकांच्या. वृद्धाश्रमवाले बिचारे चाळीस माणसांचं करतात आणि आपण जाऊन फ्रीज तपासायचा?

आंबटगोड
+१ पिठलंभाकरी. कुस्करा या विषयावर वेगळा धागा हवा.

निवृत्त_सिस्टर
पिठलंभाकरी, तुमच्या आजीला नमस्कार. पण तुमच्या आजीच्या घरी भात किती शिजायचा? चार-पाच माणसांचा. उरायचा वाटीभर. तो तासाभरात गार होतो. चाळीस माणसांच्या पातेल्यातला भात वरून गार लागतो आणि मध्ये हात घातलात तर चार तासांनीही कोमट असतो. तो कोमटपणाच घात करतो.

मी ३१ वर्षं महापालिकेच्या रुग्णालयात नोकरी केली, त्यातली बरीचशी मेडिसिन वॉर्डात. भाताची गोष्ट सविस्तर सांगते, कारण लोकांना मासे-मटणाची भीती असते आणि भाताची नसते.

तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. मातीतून येतात, कितीही धुतलेत तरी थोडे राहतात. उकळल्याने ते मरत नाहीत. भात कोमट राहिला की जागे होतात, वाढतात, आणि त्यांच्यातले काही एक विष तयार करतात. ते विष पुन्हा तापवून जात नाही. त्यामुळे "चांगला खरपूस परतून दिला" याला काही अर्थ नाही. जंतू मेले तरी विष तिथेच. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या, आणि बहुतेकांना दिवसभरात आराम. म्हणूनच त्याला पित्त म्हणून सोडून दिलं जातं. खिडकीवाली, तुमच्या त्या तिघांना नक्की काय झालं ते मी इथे बसून सांगू शकत नाही. पण वेळ जुळते.

म्हाताऱ्या माणसांचं वेगळं काय? पोटातलं आम्ल हा आपला पहारेकरी. बऱ्याच जणांना आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतात, म्हणजे पहारेकरी झोपलेला. त्यात मधुमेह, त्यात मूत्रपिंड कमजोर. तुम्हाला-मला दोन उलट्या झाल्या तर आपण लिंबू-सरबत पिऊन कामाला लागतो. ८४ वर्षांच्या बाईच्या अंगातलं पाणी कमी झालं की ती आधी गोंधळल्यासारखी बोलायला लागते, उठताना चक्कर येते, पडते, खुबा मोडतो. कागदावर लिहिलं जातं 'पडल्यामुळे'. भाताचं नाव कुठेच येत नाही.

आणि वास बघून कळतं म्हणतात ते यात चालत नाही. अशा भाताला वास येतोच असं नाही. शिवाय वयाबरोबर नाकही मंदावतं.

पिठलंभाकरी
सिस्टर, पातेल्याचा मुद्दा मान्य. आजीचा मुद्दा मागे घेत नाही.

वाढपी
सिस्टरनी दुखत्या नसेवर बोट ठेवलं. मी दादरचा, आमचा केटरिंगचा धंदा वडिलांपासून. मुंज, बारसं, साठीशांत, तेराव्याचंही करतो. (तेराव्याला पाहुणे नावं ठेवत नाहीत, सगळ्यात सुखाची ऑर्डर.)

माझी स्वतःची चूक सांगतो. नवीन नवीन असताना एका मुंजीच्या आदल्या रात्री ४० लिटरचं पातेलं भरून आमटी केली आणि गरमच शीतपेटीत ढकलली. वाटलं, एवढं मोठं मशीन आहे, करील गार. सकाळी झाकण काढलं तर कडा गार आणि मधे फसफस. वर फेस. अख्खी ओतली, पहाटे पाचला पुन्हा आमटी टाकली. वडील तीन दिवस बोलले नाहीत.

फ्रीज गार गोष्ट गार ठेवतो. गरम गोष्ट गार करायचं काम त्याचं नाही. मोठं पातेलं आत ठेवलंत की ते गार होत नाहीच, वर शेजारचं दूध, दही, औषधं सगळं तापतं. आम्ही आता काय करतो: भात, उसळ, भाजी मोठ्या परातीत दोन बोटं उंचीचा थर करून पसरायची, वर पंखा, जाळीचं झाकण. आमटी-सार असेल तर लहान भांड्यांत वाटून घ्यायचं आणि ती भांडी बर्फाच्या पाण्याच्या घंगाळात उभी करायची, मधून मधून ढवळायचं. दोन तासांत हाताला गार लागलं पाहिजे, मग लगेच फ्रीज. पुन्हा काढताना लागेल तेवढंच काढायचं आणि वाफा येईपर्यंत, मधोमध ७५ अंशांपर्यंत तापवायचं, तेही एकदाच. दुसऱ्यांदा उरलं तर सरळ ओला कचरा.

लक्षात ठेवायला दोनच आकडे: गार म्हणजे ५ च्या खाली, गरम म्हणजे ६० च्या वर. मधल्या पट्ट्यात अन्न जितका कमी वेळ तितकं बरं. एफएसएसएआयच्या (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) प्रशिक्षणात पहिल्या तासाला हेच घोकून घेतात.

आंबटगोड
मग इडलीचं पीठ रात्रभर बाहेर राहतं ते कसं चालतं? तेही मधल्या पट्ट्यातच की.

निवृत्त_सिस्टर
आंबवलेलं आणि आंबलेलं यात फरक आहे. इडलीच्या पिठात, दह्यात जे जंतू वाढतात ते आंबटपणा तयार करतात आणि त्या आंबटपणात बाकीचे फारसे टिकत नाहीत. शिवाय पीठ नंतर वाफवलं जातं. शिजलेल्या भातात ती राखण नसते.

तिरकस
"आंबवलेलं आणि आंबलेलं" हे आमच्या ऑफिसातल्या दोन साहेबांचं अचूक वर्णन आहे.

शेवटची_लोकल
दुसरी बाजू मांडते. ठाण्याच्या पुढच्या एका वृद्धाश्रमात मी अकरा वर्षं विश्वस्त आहे. पगार नाही, शिव्या भरपूर.

खिडकीवाली, तुम्ही बघितलंत ते आमच्याकडेही होतं. कारण आळस नाही, आम्हाला 'नको' म्हणता येत नाही. दारात माणूस गरम पातेलं घेऊन उभा असतो. त्याच्या आईचं वर्षश्राद्ध असतं, डोळ्यांत पाणी असतं. त्याला सांगायचं की तुमचं अन्न घेत नाही? तो पुढच्या वर्षी देणगीही देत नाही आणि दहा जणांना सांगतो की यांना माज आलाय. आणि टाकायचं तर स्वयंपाकाच्या बायकांचा हात धजत नाही. "अन्न हे पूर्णब्रह्म" म्हणून जेवायला बसणारी पिढी आमच्याकडे राहते. कचऱ्याच्या बादलीत भात दिसला तर एक आजी जेवायच्या थांबायच्या.

सगळ्यात कठीण दिवस पितृपक्षाचे. वर्षभर कुणी फिरकत नाही आणि त्या पंधरवड्यात रोज दोन-तीन घरांची खीर, वडे, भाजी. सर्वपित्री अमावास्येला तर एकदा सात खिरी आल्या होत्या. सात! निम्म्या लोकांना मधुमेह. फ्रीजमध्ये खिरीवर खीर.

आम्ही तीन वर्षांपूर्वी बदललं. आता शिजवलेलं अन्न बाहेरून घेत नाही. ज्याला जेवण घालायचंय त्याने तारीख नोंदवायची, शिधा किंवा पैसे द्यायचे, आमच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी तो पदार्थ शिजतो, आणि त्याने येऊन स्वतःच्या हाताने वाढायचं. पहिल्या वर्षी देणगी घटली, खोटं बोलत नाही. दुसऱ्या वर्षी भरून निघाली, कारण वाढायला मिळतं हे लोकांना आवडलं.

कोपऱ्यातला
शेवटची_लोकल, हे सगळ्या संस्थांना कायद्याने लागू नाही का? की धर्मादाय म्हटलं की सूट?

शेवटची_लोकल
सूट नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात अन्न व्यवसायाची व्याख्या 'नफ्यासाठी असो वा नसो' अशीच आहे. आमचा एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर स्वयंपाकघराच्या दारावर लावलेला आहे. आणि उरलेलं अन्न वाटण्याबद्दल २०१९ चे वेगळे नियम आहेत. देणाऱ्याने पदार्थाचं नाव, कुठून आला, कधी शिजवला, कधीपर्यंत चालेल, शाकाहारी की मांसाहारी हे लिहून द्यायचं. ज्या दिवशी हे वाचलं त्या दिवशी मला आमच्या सात खिरी आठवल्या. एकीवरही चिठ्ठी नव्हती.

पिठलंभाकरी
श्राद्धाच्या खिरीवर एक्सपायरी डेट. कावळ्यालाही दाखवावी लागेल.

तिरकस
म्हणूनच हल्ली कावळा शिवत नाही.

पिठलंभाकरी
प्रतिसाद काढून टाकला आहे. (दोनदा पडला होता.)

सुकामेवा
फ्रीजवरच सगळे घसरलात. कोठीघराचं काय? मुंबईच्या पावसाळ्यात रव्याला महिनाभरात जाळी लागते, तूरडाळीत सोंडे. माझी आई तांदळाला बोरिक पावडर चोळायची आणि गव्हात पारद टिकडी ठेवायची. वृद्धाश्रमात शंभर-शंभर किलो धान्य येतं, ते कसं टिकवतात?

निवृत्त_सिस्टर
सुकामेवा, आपल्या आयांनी केलं ते खरं, पण बोरिक पावडर पोटात जायची वस्तू नाही. तांदूळ कितीही धुतला तरी, आणि घाईत दोन पाणीच होतात. पारद म्हणजे पारा, त्याची टिकडी फुटून धान्यात मिसळली तर कोण शोधणार? मूत्रपिंड कमजोर असलेल्यांच्या घरात तर हे दोन्ही नकोच. गोदामात वापरतात त्या धुरीच्या गोळ्या तर राहत्या जागेत चुकूनही नकोत. त्यातून निघणाऱ्या वायूने माणसं मेलेली आहेत.

शेवटची_लोकल
आम्ही महिनाभरापेक्षा जास्त साठाच करत नाही. कुणी पन्नास किलो गहू दिले तर आभार मानून निम्मे दुसऱ्या संस्थेला. डाळींना एरंडेल, तांदळात कडुलिंबाचा वाळलेला पाला. पोती जमिनीवर नाहीत, फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, म्हणजे मागून झाडू फिरतो आणि उंदराची लेंडी दिसते. नवं पोतं मागे, जुनं पुढे. ऐकायला सोपं, पण टेम्पोवाला पोतं पुढ्यात टाकून जातो आणि जुनं मागे ढकललं जातं. आमच्याकडे एकदा दीड वर्षांपूर्वीचा साबुदाणा निघाला होता.

आणि शेंगदाणे! दाण्याचं कूट आपल्या प्रत्येक भाजीत. पावसाळ्यात दाण्याला हिरवट बुरशी धरली तर ते निवडून, भाजून वापरायचे नाहीत. त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन यकृताला वाईट आणि भाजून पूर्ण जात नाही. आख्खी पिशवी टाकायची.

वाढपी
कोठीतली अजून एक गोष्ट. तेल आणि फिनाईल एका कपाटात नको. २०१३ साली बिहारमध्ये छपऱ्याजवळच्या गावात शाळेच्या जेवणातून २३ मुलं गेली. कीटकनाशकाच्या डब्यात तेल ठेवलं होतं असं तपासात पुढे आलं. स्वयंपाक करणारीने तेलाचा वास विचित्र येतोय म्हणून सांगितलं होतं, तिचं ऐकलं नाही, हेही तेव्हा छापून आलं होतं. माझ्या किचनमध्ये रिकाम्या बाटल्या जमवायला बंदी आहे. पाण्याच्या बाटलीत फिनाईल भरून ठेवलं की कधीतरी कुणीतरी पिणारच. वृद्धाश्रमात तर विसरभोळी माणसं असतात.

आंबटगोड
बापरे. आत्ताच सिंकखालचं कपाट बघून आले. शीतपेयाच्या बाटलीत ॲसिड होतं. फेकलं. (ॲसिड नाही, बाटली. म्हणजे दोन्ही. समजून घ्या.)

गिरगावकर_जुना
अवांतर: २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. माझे काका कालिन्याजवळच्या एका आश्रमात होते, तळमजल्यावर स्वयंपाकघर, कमरेएवढं पाणी. फ्रीज आडवा होऊन तरंगत होता म्हणतात. दोन दिवस वरच्या मजल्यावर बिस्किटं आणि चुरमुरे खाऊन काढले. पाणी ओसरल्यावर तिथल्या बाईंनी काय केलं असेल? हवाबंद डबेसुद्धा फेकले. ट्रस्टी ओरडले, डबे तर बंद होते! बाई म्हणाल्या, गटाराचं पाणी झाकणाच्या आट्यात गेलंय, तुम्ही खाणार असाल तर ठेवते. ट्रस्टी गप्प.

कोपऱ्यातला
आणि १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली तेव्हा? आमच्याकडे फ्रीजचं काय करावं कुणालाच कळेना, दर दहा मिनिटांनी उघडून गार आहे का बघत होते.

वाढपी
तेच करायचं नाही! दार बंद ठेवलंत तर फ्रीज साधारण चार तास गार राहतो, गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवसही काढतो. दर दहा मिनिटांनी उघडलं की संपलं. मुंबईत वीज सहसा जात नाही म्हणून आपल्याला याची सवयच नाही. गावाकडच्या लोकांना बरोबर माहीत असतं.

सुईधागा
मी मधुमेही, म्हणून इन्सुलिनबद्दल. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. फ्रीजचं दार ही सगळ्यात गरम जागा, त्यात स्वयंपाकघरातला फ्रीज दिवसातून शंभरदा उघडतो. आणि मागच्या भिंतीला चिकटून ठेवलं तर गोठतं. गोठलेलं पुन्हा वितळवून चालत नाही, फेकावं लागतं. औषधांना वेगळा छोटा फ्रीज हवा. तुमच्या आश्रमात दान आलेला छोटा आहे ना? त्यात काय ठेवलंय?

खिडकीवाली
सुईधागा, फुलं. पूजेचे हार. 🙏

सुईधागा
देवाला ५ अंश, आजोबांना दार.

रात्रपाळी
मी एका आश्रमात आया म्हणून रात्रपाळी करते. मुलगी टाईप करून देतेय. सगळे स्वयंपाकघराचं बोलता, खोल्यांचं कुणी बोलत नाही. नातेवाईक येतात, डबा देऊन जातात. ओल्या नारळाच्या करंज्या, मटण, दूधहलवा. आजी लगेच खात नाहीत, पुरवून खातात. उशीखाली, गादीखाली, ट्रंकेत, साडीच्या घडीत. मी एकदा चादर बदलताना गादीखालून अकरा बेसनाचे लाडू काढले, एकाला मुंग्या. काढले तर रडतात. "माझ्या लेकीने दिलेत." काय करणार. मी आता अर्धे ठेवते, अर्धे माझ्याकडे स्टीलच्या डब्यात नाव लिहून. रोज एक देते. डबा भरलेला दिसला की त्यांना झोप लागते. पण मटण नाही ठेवत. मटण समोर बसवून खायला लावते नाहीतर परत.

मऊ जेवणाचं पण सांगते. ज्यांना गिळता येत नाही त्यांना मिक्सरमधून काढून देतात. सकाळीच तीन वेळचं काढून ठेवतात, वेळ वाचतो म्हणून. आणि मिक्सरच्या भांड्याचं रबर कुणी काढून धूत नाही. ते रबर एकदा काढून बघा.

निवृत्त_सिस्टर
रात्रपाळी, तुम्ही या धाग्यावर आलात हे फार बरं झालं. मिक्सरचं रबर माझ्याही लक्षात आलं नव्हतं. पातळ करून दिलेलं अन्न सगळ्यात अशक्त माणसाला जातं आणि त्यालाच सगळ्यात जास्त हात लागलेले असतात. ते प्रत्येक वेळी ताजंच काढायला हवं.

पिठलंभाकरी
आमच्या मिक्सरचं रबर काढलं. आजीचा मुद्दाही मागे घेतो.

खिडकीवाली
धागा वर काढतेय. दोन आठवडे झाले, काय केलं ते सांगते.

तुमचे मुद्दे कागदावर उतरवून काकांना द्यायचे असं ठरवलं होतं. मग रात्रपाळींचा प्रतिसाद पुन्हा वाचला आणि कागद घरीच ठेवला. दुपारी तीनला गेले, मावशी जरा बसलेल्या असतात तेव्हा. सोबत एक सळईचं थर्मामीटर, एक फ्रीजमध्ये लटकवायचं, कागदी चिकटपट्टी आणि मार्कर. म्हटलं, मावशी, मला शिकवा, तुम्हाला काय काय लागतं?

एक तास बोलत होत्या. त्यांना सगळं माहीत आहे हो! भात पसरून गार करायचा हेही. "पण ताई, चाळीस माणसांच्या भाताला पराती कुठायत? एक होती, ती गणपतीत नेली ती आलीच नाही." दान आलेलं अन्न घ्यायचं की नाही हे त्यांना कुणी विचारतच नाही. पातेलं ऑफिसात येतं, फोटो निघतो, आणि मग आत येतं. त्या दिवशीच्या मसालेभाताबद्दल म्हणाल्या, "मी हात लावला तेव्हाच म्हटलं होतं, हा सकाळचा आहे. मी स्वतः नाही खाल्ला."

वाढपी, तुम्ही छपऱ्याचं लिहिलं होतंत ना, तेलाच्या वासाचं. माझ्या अंगावर काटा आला.

मग फ्रीजमध्ये थर्मामीटर लटकवलं. अर्ध्या तासाने १३. तेरा! दाराचं रबर खालच्या कोपऱ्यात फाटलंय, कागद घातला तर सरळ आत-बाहेर जातो. मावशींनी चार महिन्यांपूर्वी सांगितलं होतं म्हणे. मी काकांना बोलावून नुसता आकडा दाखवला, बोलले काही नाही. त्यांनी बघितलं, फोन लावला, तिसऱ्या दिवशी रबर बदललं. आता ५-६ दाखवतो. हार बाहेर, इन्सुलिन छोट्या फ्रीजमध्ये. चार पराती मी आणि माझ्या दोन बहिणींनी मिळून भुलेश्वरहून आणल्या. डब्यांवर चिकटपट्टी लागते, पण तारीख फक्त मावशी लिहितात, मुली विसरतात. मासे अजून कोथिंबिरीशेजारीच होते, ते पुढच्या वेळी.

सुकामेवा
थर्मामीटर कुठे मिळालं? कितीला?

खिडकीवाली
प्रिन्सेस स्ट्रीटला, दोन्ही मिळून हजाराच्या आत. अन्नात खुपसण्याआधी आणि नंतर सळई उकळत्या पाण्यात बुडवायला विसरू नका, हे दुकानदारानेच सांगितलं.

शेवटची_लोकल
छान केलंत. दानाच्या पातेल्यांचं काय ठरलं? पितृपक्ष अर्धा झाला.

खिडकीवाली
तिथेच अडलंय. काका म्हणाले पुढच्या वर्षीपासून बघू, यंदा लोकांना शब्द दिलेत. तोवर एक कबूल केलं, पातेलं आधी मावशींना दाखवायचं आणि कधी शिजवलं ते वहीत लिहायचं. काल अष्टमीची दोन घरं आली. वड्यांचं ठीक होतं, गरम होते, लगेच वाढले. खीर होती पाच लिटर. मावशी नको म्हणाल्या. काका म्हणाले, "अहो, दूधच ते, घ्या." घेतली.

निवृत्त_सिस्टर
वहीत वेळ काय लिहिली?

खिडकीवाली
"सकाळी."